कोकण किनाऱ्यावरचे पर्यावरणाचे वाद आणि खटले : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बंदर, जेट्टी, रिसॉर्ट, वाळू, कारखान्याचं पाणी, कांदळवन (खारफुटीचं जंगल). कोकणातल्या गावांत वादाचं कारण बदलतं, विचारले जाणारे प्रश्न मात्र बहुतेक तेच असतात. इथली उत्तरं ग्रामसभेत उठून बोलणाऱ्यांसाठी, मच्छीमार सोसायटीच्या सचिवांसाठी आणि खाडीवर पोट असलेल्यांसाठी लिहिली आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. या वादांचा निकाल कोर्टात लागतो, पण पारडं बहुतेक वेळा कोर्टाच्या आधीच झुकलेलं असतं. मुदत आणि कागद ज्यानं सांभाळले, त्याच्याकडे ते झुकतं.

आमची जागा सीआरझेडमध्ये येते की नाही, हे नक्की कुठे कळेल?

सीआरझेड म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा. त्याखाली किनाऱ्याची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ला निघाली, दुसरी २०११ मध्ये आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ला. समुद्राच्या बाजूनं भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथून, जमिनीकडे ५०० मीटरचा पट्टा यात येतो. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल ते धरतात. खाडी आत कुठवर मोजायची, हे पाण्याच्या खारेपणावर ठरतं. भर उन्हाळ्यात लिटरमागे पाच ग्रॅम मीठ जिथवर सापडतं, तिथवर ती कायद्याच्या लेखी खाडी आहे.

यासाठी किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखड्याचा नकाशा बघायचा. महाराष्ट्र किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो मिळतो, आणि गावपातळीच्या नकाशावर सर्व्हे नंबरही असतात. तलाठ्यानं किंवा एजंटानं तोंडी सांगितलेल्या "जागा बाहेर आहे" याला काडीचीही किंमत नाही. नकाशाबद्दल शंका असेल तर केंद्रानं मान्यता दिलेल्या संस्थेकडून भरतीरेषा आखून घ्यावी लागते. शिवाय २०१९ चे नियम त्या जिल्ह्याचा नवा आराखडा मंजूर झाल्यावरच लागू होतात. त्यामुळे जुन्या बांधकामाच्या वादात ते बांधकाम झालं त्या वेळी कोणता नकाशा लागू होता, हे आधी बघायचं.

कोणत्या पट्ट्यात काय चालतं?

ढोबळ सांगायचं तर एक क्रमांकाच्या पट्ट्यात कांदळवनं, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, कासवांची घरटी असलेल्या पुळणी (वाळूचे किनारे) आणि भरती-ओहोटीमधला भाग येतो. इथं जवळपास सगळ्याच बांधकामाला मनाई आहे. दोन म्हणजे आधीच वसलेली शहरं. तीन म्हणजे गावं. त्यात दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्ती असेल तर २०० मीटर विकासबंदी असते. चार म्हणजे पाणी, बारा सागरी मैलांपर्यंत.

आमचं आजोबांच्या वेळचं घर समुद्राला लागून आहे. ते बेकायदा ठरेल का?

केवळ तेवढ्यावरून नाही. विकासबंदीच्या पट्ट्यातही जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी अटींसह करता येते. पारंपरिक किनारी समाजांना, म्हणजे मच्छीमारांसह तिथल्या जुन्या रहिवाशांना, गावपट्ट्यात १०० ते २०० मीटरच्या दरम्यान दोन मजल्यांचं, ९ मीटरपर्यंत उंच घर बांधायची तरतूद आहे. पण घर १९९१ च्या आधीचं आहे हे दाखवावं लागतं. घरपट्टीची जुनी पावती, ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, वीजबिल, मतदारयादी, जे असेल ते शोधून एका फाईलमध्ये लावून ठेवा. कोळीवाड्यांत घरं पिढ्यानपिढ्या उभी आहेत आणि कागद कुणाकडेच नाही, हे फार ठिकाणी दिसतं. बाहेरून आलेल्या बंगलेवाल्याकडे कागद मात्र चोख असतो. हा अन्याय आहे. म्हणूनच कुणाची नोटीस यायची वाट न बघता ही फाईल तयार ठेवायची.

शेजारच्या खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत) भराव टाकून कांदळ मारली जात आहेत. आत्ता, आज काय करायचं?

ठिकाण आणि वेळ नोंदणारे फोटो काढा. भरती आत येण्याची वाट कुठे बुजवली आहे, त्याचा फोटो सगळ्यात मोलाचा. कांदळ कुऱ्हाडीनं क्वचितच मारतात. पाणी अडवलं की ती उभ्या उभ्या वाळतात. त्याच दिवशी तहसीलदार, वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि पोलीस ठाणे यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

या बाबतीत कायदा भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयानं २००५ मध्ये कांदळतोडीला अंतरिम बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात कांदळवनं नष्ट करणं हे जगण्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं म्हटलं. भोवतालचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही कांदळ तोडायची असतील तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते. "सातबारा माझ्या नावावर आहे" हा बचाव इथं चालत नाही.

यातून शेतकऱ्याचं एक खरं दुखणं तयार झालं आहे. खारबंदिस्तीचा, म्हणजे खारं पाणी अडवणारा बांध फुटतो, दुरुस्ती वर्षानुवर्षं होत नाही, खारं पाणी शेतात शिरतं आणि भाताच्या जागी कांदळ उगवतं. मग ते तोडता येत नाही. अशा शेतकऱ्याला कांदळाचा वैरी ठरवणं चूक आहे. पण त्याचा दावा कांदळाविरुद्ध नसून बांध न दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेविरुद्ध आहे, आणि तो बांध फुटल्याच्या पहिल्याच मोसमात, पंचनाम्यासह लेखी मांडायला हवा.

आमच्याकडे प्रकल्पाची जनसुनावणी लागली आहे. सगळं आधीच ठरलेलं असतं, मग जायचं कशाला?

जायलाच हवं. आणि तयारीनं. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीची जाहिरात किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. पर्यावरणीय परिणामांचा मसुदा अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत अशा ठिकाणी बघायला ठेवावा लागतो आणि त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो, आणि सगळ्याचं चित्रीकरण होतं.

सुनावणीत मतदान होत नाही. "विरोध, विरोध" अशा हजार आरोळ्या इतिवृत्तात एका ओळीत बसतात. पण "अहवालाच्या अमुक पानावर खाडीत मासेमारी होत नाही असं लिहिलं आहे, आमच्या सोसायटीच्या इतक्या नोंदलेल्या होड्या तिथं डोल जाळी लावतात, ही यादी" असं कुणी मांडलं तर कंपनीला त्याचं उत्तर द्यावं लागतं, तज्ज्ञ समितीला ते विचारात घ्यावं लागतं. पुढे कोर्टात हाच कागद विचारला जातो. उत्तर न देता मंजुरी दिली असेल तर ती मंजुरी टिकवणं अवघड जातं. गोव्यातल्या मोपा विमानतळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं २९ मार्च २०१९ ला रोखून पुन्हा तपासायला लावली, ती माहिती दडवल्याच्या आणि नीट मूल्यमापन न केल्याच्या मुद्द्यांवर. जानेवारी २०२० मध्ये रोख उठली, पण जादा अटींसह.

म्हणून अहवाल वाचून मुद्दे वाटून घ्या. एकानं मासेमारीवर बोलायचं, एकानं गोड्या पाण्यावर, एकीनं कालवं-शिवल्या काढणाऱ्या बायकांच्या जागांवर. हा शेवटचा मुद्दा अहवालात सहसा नसतोच, कारण तिथं होडी दिसत नाही. लेखी हरकती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच द्या आणि पोच जपा. सुनावणी उधळली की कागदावर गावाचा एकही मुद्दा उरत नाही. रागाच्या भरात हे वारंवार घडतं आणि त्याचा फायदा गावाला कधीच होत नाही.

मंजुरी मिळून गेली आहे. आता आव्हान द्यायला किती वेळ आहे?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. पर्यावरण मंजुरीला राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या वादांसाठीच्या खास न्यायपीठात) आव्हान द्यायची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत उशीर माफ करू शकतो. एकूण ९० दिवस उलटले की लवादालाही अधिकार उरत नाही, मग उशिराचं कारण कितीही खरं असो.

पर्यावरणाशी संबंधित इतर वादासाठी, वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, आणि नुकसानभरपाई किंवा पर्यावरण पूर्ववत करण्याच्या मागणीसाठी पाच वर्षं. दोन्हींत वर ६० दिवसांची सवलत. "पहिल्यांदा" या शब्दावर अनेक अर्ज पडतात. भराव दोन वर्षांपूर्वी सुरू झाला, गावानं तेव्हा फक्त तोंडी तक्रारी केल्या आणि आता अर्ज केला, तर समोरचा वकील पहिला मुद्दा मुदतीचाच काढतो.

३० दिवस कधीपासून मोजायचे? मंजुरी लोकांना कळवली गेल्याच्या दिवसापासून. कंपनीला ती स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावी लागते आणि केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर ती चढते. त्यामुळे प्रकल्प चर्चेत असेल तेव्हा गावातल्या एका पोरानं किंवा पोरीनं दर आठवड्याला परिवेश उघडून बघायचं, असं ठरवून टाका. माहिती अधिकाराच्या अर्जाचं उत्तर यायलाच ३० दिवस जातात. मंजुरीनंतर माहिती मागत बसलात तर मुदत तिथेच संपते.

हरित लवादात जायचं की उच्च न्यायालयात?

लवाद २०१० च्या कायद्यानं आला. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण, जैवविविधता अशा ठराविक कायद्यांखालचे वाद तिथं जातात. सीआरझेड पर्यावरण संरक्षण कायद्याखाली असल्यामुळे तोही तिथंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मात्र लवादाच्या यादीत नाही. म्हणजे वेळास किंवा आंजर्ल्यासारख्या पुळणीवर कासवांच्या घरट्यांच्या जागी बांधकाम होत असेल तर लवादात सीआरझेडच्या भंगावर बोट ठेवायचं. कासव मारल्याचा गुन्हा वन विभागाकडे नोंदवायचा.

मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, सरकारी धोरणालाच आव्हान असेल किंवा अनेक कायदे गुंतले असतील तर उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं आहे. दापोली किंवा मालवणच्या माणसाला आता मुंबई गाठावी लागत नाही. रायगड, ठाणे, पालघर मुंबईतच. लवादाच्या निकालावर ९० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील होतं, पण उच्च न्यायालयाचे रिट अधिकार त्यामुळे संपत नाहीत.

माझी तिथं जमीन नाही. मी अर्ज करू शकते का? आणि खर्च किती?

करू शकता. गोव्यातल्या किनारी अतिक्रमणांच्या एका प्रकरणात अर्जदार परदेशी नागरिक होत्या, तरी लवादानं २०१४ मध्ये त्यांचा अर्ज ऐकला.

भरपाईची मागणी नसेल तर लवादाचं शुल्क १,००० रुपये आहे. भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. स्वतः उभं राहून बाजू मांडता येते. तरी वकील घ्यावा असंच माझं मत आहे, निदान पहिल्या अर्जासाठी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग आणि आपत्तीग्रस्त यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. किनाऱ्यावर हा हक्क फार कमी लोक वापरतात.

खाडीत मासे मरून तरंगत आहेत. पुरावा कसा धरायचा?

पहिले काही तास महत्त्वाचे. सुकतीबरोबर (ओहोटीबरोबर) पाणी निघून जातं आणि दोन भरत्यांनंतर खाडी पुन्हा स्वच्छ दिसते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन करा, लगेच पाठोपाठ ईमेल किंवा संदेश पाठवा, म्हणजे वेळेची नोंद राहील. मत्स्यव्यवसाय विभागाला आणि तहसीलदारांना पंचनाम्यासाठी कळवा.

तुम्ही बाटलीत भरलेलं पाणी कायद्यानं 'नमुना' ठरत नाही. पाणी कायदा १९७४ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्यानं ठरलेल्या पद्धतीनं घेतलेला नमुनाच कारवाईसाठी ग्राह्य धरतात. तरीही तुमची बाटली भरून ठेवा, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अधिकारी दोन दिवसांनी आले आणि त्यांचा अहवाल निर्दोष निघाला, तर तुमचा अहवाल आणि तुमच्या फोनची वेळ मिळून निदान प्रश्न उभा करतात. अधिकारी येतील तेव्हा नमुना कुठे घेतला, भरती होती की सुकती, हे पंचनाम्यात लिहून घ्यायचा आग्रह धरा. भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात समुद्राचं पाणी मिसळलेलं असतं, ते कारखान्याचं पाणी झाकून टाकतं.

फोटो आणि व्हिडिओ मूळ फोनमध्ये जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेल्या फोटोचं ते कुणी देऊ शकत नाही.

मासेमारी बुडाली तर भरपाई मिळते का? आमच्याकडे समुद्राचा सातबारा नाही.

मिळू शकते. २७ फेब्रुवारी २०१५ ला हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं जवाहरलाल नेहरू बंदराच्या प्रकरणात उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये द्यायचा आदेश दिला. भराव आणि कांदळवनांच्या नाशानं खाडीतली मासेमारीची जागा गेली, भरतीचं पाणी अडलं, हे त्यात मान्य झालं. जमीन नसलेल्या माणसाचा पाण्यावरचा पारंपरिक वापर पैशात मोजला गेला, हे मला त्या निकालातलं सगळ्यात मोठं वाटतं.

पण कुटुंबं मोजायला आधी यादी लागते. जमिनीला तलाठ्याचं दफ्तर असतं, मासेमारीला तसं काही नाही. म्हणून ते आपणच तयार करायचं. सोसायटीचं सभासद रजिस्टर, होडीची नोंदणी, डिझेलच्या पावत्या, लिलावाची वही, कोणत्या महिन्यात खाडीच्या कोणत्या भागात कोणतं जाळं लागतं याचा गावानं काढलेला नकाशा. होडी नसलेल्या, पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकणाऱ्या आणि कालवं काढणाऱ्या माणसांची नावं ग्रामसभेच्या ठरावात घ्या. नाहीतर भरपाईच्या दिवशी ती यादीत नसतील आणि गावातच भांडण लागेल.

लवादानं संयुक्त समिती नेमली आहे. आम्ही काय करायचं?

समितीत सहसा प्रदूषण मंडळ, जिल्हाधिकारी आणि किनारा प्राधिकरणाचे प्रतिनिधी असतात. त्यांच्या अहवालावर बरंच काही ठरतं. पाहणीची तारीख लेखी मागा, हजर राहा, आणि शक्य तर सुकतीला पाहणी ठेवायची विनंती करा. बुजवलेला पाट भरतीला दिसत नाही. दोन पानांचं निवेदन आणि ठिकाणांचा नकाशा हातात द्या. अहवाल चुकीचा वाटला तर पुढच्या तारखेच्या आत हरकत दाखल करा. गप्प राहिलात तर अहवाल मान्य आहे असंच धरलं जाईल.

खटला चालू आहे आणि काम पण चालूच आहे. असं कसं?

कारण स्थगिती मिळालेली नसते. अर्ज दाखल केला म्हणून काम थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती पहिल्याच तारखेला मागावी. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाची सीआरझेड मंजुरी उच्च न्यायालयानं १६ जुलै २०१९ ला रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी १७ डिसेंबरला त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झालं, आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा खुलासुद्धा झाला. समुद्रात एकदा भराव पडला की "आता काढून काय होणार" हा युक्तिवाद फार वजनदार होतो.

त्याच रस्त्यावर वरळीच्या मच्छीमारांनी खांबांमधल्या अंतराची लढाई लढली. होड्या बंदरात ये-जा करायला ६० मीटर अंतर पुरत नव्हतं. आंदोलन आणि वाटाघाटींतून डिसेंबर २०२२ मध्ये ते १२० मीटर करायचं ठरलं. मागणी १६० ची होती. पूर्ण विजय नाही, पण ज्यांना रोज त्या वाटेनं समुद्रात जायचं आहे त्यांच्या पदरात काही ठोस पडलं. कोर्टाबरोबर हा रस्ताही उघडा ठेवावा.

वाढवणला इतकी वर्षं लढून काय मिळालं?

वाढवण पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यात आहे, आणि लढा तिथल्या बंदराविरुद्धचा. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. त्यानं १९९८ मध्ये वाढवणचं बंदर नाकारलं. औष्णिक वीज केंद्राला गंधक शोषणारी यंत्रणा बसवायला लावली. ३१ जुलै २०२३ ला याच प्राधिकरणानं नव्या बंदराला अटींसह संमती दिली, १८ एप्रिल २०२४ ला उच्च न्यायालयानं त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि ३० ऑगस्टला भूमिपूजन झालं.

मच्छीमारांसाठी हा जबर धक्का आहे, त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. पण पंचवीस वर्षं तो किनारा बंदराविना राहिला, हेही त्याच लढ्यानं झालं. आता संमतीतल्या अटी हाच उरलेला आधार आहे. प्रत्येक अटीची नक्कल काढून ती पाळली जाते का, हे बघणं हे पुढचं काम. मंजुरीच्या अटींचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो मागता येतो.

वाळू उपशाचं काय?

सर्वोच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालात पाच हेक्टरखालच्या वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. हातपाटीनं, म्हणजे यंत्राशिवाय वाळू काढणारे आणि रात्री सक्शन पंप लावणारे यांना एकाच मापानं मोजू नका. हातपाटीवर गावातली कुटुंबं जगतात. सक्शन पंपानं खाडीचा तळ खचतो, काठ कोसळतो आणि शेजारच्या विहिरी खारट होतात.

पर्ससीन आणि एलईडीवाल्यांविरुद्ध लवादात जाता येईल का?

पर्ससीन म्हणजे माशांच्या थव्याला घेर टाकून पकडणारं मोठं जाळं, आणि एलईडी म्हणजे दिव्यांच्या उजेडानं मासे गोळा करणं. तो बहुतेक महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा विषय आहे. २०२१ च्या दुरुस्तीनं कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्यांकडे आले, म्हणून तक्रार तिथं. एलईडी दिव्यांनी मासेमारी करायला केंद्रानं नोव्हेंबर २०१७ पासून बंदी घातली आहे. बोटीचा नोंदणी क्रमांक आणि जागेचे अक्षांश-रेखांश दिल्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही.

बेकायदा बांधकाम शेवटी खरंच पाडतात का?

पाडतात, क्वचित. ८ मार्च २०१९ ला अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला गेला. केरळात मराडूची चार निवासी संकुलं जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जमीनदोस्त झाली. तिथं फ्लॅट घेतलेल्या सामान्य माणसांची घरं गेली. म्हणून किनाऱ्यावर सदनिका घेणाऱ्यानं बिल्डरच्या शब्दाऐवजी किनारा प्राधिकरणाच्या परवानगीची प्रत मागावी.

आधी बांधायचं आणि मग मंजुरी घ्यायची, हे कायद्यात बसतं का?

१६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा मागाहूनच्या मंजुऱ्या बेकायदा ठरवल्या. १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं दोन विरुद्ध एक अशा बहुमतानं तो निकाल मागे घेतला. त्यामुळे तुमच्या प्रकरणात कोणता आदेश लागू आहे, हे वकिलाकडून त्या दिवशीचं तपासून घ्या.

निकाल आमच्या बाजूनं लागला. आता?

लवादाचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो, पण तो आपोआप अंमलात येत नाही. आदेशाची प्रमाणित प्रत जिल्हाधिकारी, प्रदूषण मंडळ आणि किनारा प्राधिकरणाला पोचवा, आदेशातल्या मुदतीची तारीख सोसायटीच्या फळ्यावर लिहा, आणि ती उलटली की अंमलबजावणीचा अर्ज करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय किनारा समिती असते. तिच्यावर मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असायला हवेत. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत, शेवटची बैठक कधी झाली आणि तिचं इतिवृत्त कुठे आहे, हे माहिती अधिकारात विचारा.